आजोबांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची आणि काडतुसांची किंमत किती धरावी?

दिवंगत आजोबांच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर ‘मार्क ४, ०.३८, १४५/२००’ आणि बाजूला ‘वॉर फिनिश’ असे कोरलेले आहे, सोबत ‘के.एफ.’ छापाची काडतुसे आहेत, हे शस्त्र कोणते आणि ते किती रुपयांना जाईल, असे आपण विचारले आहे.

हे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले रिव्हॉल्व्हर आहे. १४५ आणि २०० हे गोळीचे ग्रेन या छोट्या एककातले वजन. या दोन्ही वजनांच्या गोळ्यांसाठी ते बनवले आहे. युद्धाच्या घाईत पृष्ठभागाला नेहमीची झिलई देणे शक्य नव्हते, आणि त्या ओबडधोबडपणाने आपले नाव खराब होऊ नये म्हणून कंपनीने ‘वॉर फिनिश’ हा शिक्का मारला. तेव्हा तो खडबडीतपणा दोष समजून कोणाकडून पॉलिश करून घेऊ नका. मूळ पृष्ठभाग गेला की संग्राहकाच्या दृष्टीने निम्मे महत्त्व तिथेच संपते. याच्यासारखेच दिसणारे, १९३२ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले एनफील्ड नंबर २ पुष्कळदा वेब्ली म्हणून खपवले जाते. त्याच्या १९३८ नंतरच्या प्रकारात घोड्याला अंगठ्याने ओढायचे टोक नसते. पहिल्या महायुद्धातले ०.४५५ चे मार्क ६ मात्र बरेच मोठे असते आणि त्याची नळी सहा इंचांची असते. सांगाड्यावर टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसले, तर ते शस्त्र सरकारी सेवेतून अधिकृतपणे विकले गेले होते असे समजावे.

‘के.एफ.’ म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते; तिच्यातल्या रसायनाचे क्षार नळीत मागे राहिले की ते हवेतली ओल शोषून घेतात, म्हणून अशा शस्त्रांच्या नळ्या आतून बहुधा खड्डे पडलेल्या असतात. किंमत ठरवणारा जाणकार पहिल्यांदा नळीतच डोकावतो. ती काडतुसे झाडून पाहण्याचा मोह टाळा. ‘०.३८ स्पेशल’ हे काडतूस याहून लांब आणि किंचित बारीक असते, त्यामुळे नावातले आकडे जुळले तरी ते या रिव्हॉल्व्हरचे नव्हे.

आता किमतीबद्दल. परदेशी लिलावांतले आकडे येथे निरुपयोगी आहेत, कारण भारतात शस्त्राच्या दुर्मीळपणापेक्षा ते कायद्याने कोण घेऊ शकतो यावर भाव ठरतो. ०.३८ आणि ०.४५५ हे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे, इंचांतले माप) आहेत, त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, आणि म्हणून आपल्या रिव्हॉल्व्हरला खुले गिऱ्हाईक जवळजवळ नाही. याउलट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी आयात बंद झाल्याने, ०.३२ बोअरचे जुने परदेशी रिव्हॉल्व्हर, वेब्लीचेसुद्धा, अवाच्या सवा भावाने हातोहात जाते. वास्तविक कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ हे वेब्लीच्याच धर्तीवर बांधलेले आहे. आपल्या शस्त्राला लाखांचा भाव सांगणारा कोणी भेटला, तर त्याला ०.३२ आणि ०.३८ मधला फरक कळत नाही, किंवा तो आपल्याला कळत नाही असे त्याने गृहीत धरले आहे.

याहून निकडीचे म्हणजे, आजोबांच्या परवान्याच्या बळावर आपण ते घरात ठेवू शकत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार शस्त्र आणि काडतुसे दोन्ही विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. ती जमा असतानाच वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. ‘जुने आहे, पुरातन वस्तू आहे’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला आहे. जमा करण्यापूर्वी सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांवरचे क्रमांक मात्र विक्रेत्याच्या उपस्थितीत टिपून ठेवा, आणि ते आजोबांच्या परवाना पुस्तिकेतील नोंदीशी ताडून पाहा.