रोबोला जरा गप्प बसवा

प्रश्न: नमस्कार सर, मी आणि माझा मित्र मिळून एक छोटा गेम बनवतोय, विषय आहे जाणीव, म्हणजे 'मी' म्हणजे नक्की कोण, आतून हे सगळं अनुभवतंय कोण वगैरे. गेममधला एक रोबो प्लेयरला हेच प्रश्न विचारत राहतो. पण ज्यांना खेळायला दिला ते सगळे डायलॉग स्किप करून पुढे पळतात. गेमसाठी हा विषयच जड आहे का?

उत्तर: विषयाचा काही दोष नाही रे, तुमचा रोबो फार बोलतो. असला प्रश्न वाचून फार तर मान डोलावतो माणूस, तो स्वतःवर गुदरला की मग झोप उडते.

'बिफोर युअर आईज' (2021) खेळून बघा. वेबकॅम तुमची पापणी टिपतो आणि ठरावीक ठिकाणी ती लवली की सीन संपून काळ पुढे उडी मारतो, समोरच्याचं बोलणं अर्धवट राहिलं तरी. मग आपण डोळे ताणून बसतो, पाणी येतं, तरी शेवटी पापणी लवतेच. आपल्या ताब्यात काय आहे नि काय नाही ते तिथे डोळ्यातच कळतं, कुणी लेक्चर देत नाही.

दुसरा 'सोमा' (2015), आणि इथे स्पॉयलर आहे, खेळायचा असेल तर हा पॅरा सोडा. त्यात हिरोच्या मनाची कॉपी नव्या शरीरात टाकतात, कॅमेराही तिकडे जातो, म्हणून आपण धरून चालतो की 'मी' इकडे आलो, आणि जुना तिथेच खुर्चीत राहिलाय हे कळलं तरी फारसं मनाला लावून घेत नाही. शेवटी पुन्हा कॉपी होते, पण यावेळी कॅमेरा मागे राहिलेल्यासोबतच राहतो. घटना तीच, फक्त कॅमेरा कुठे ठेवला एवढाच फरक, आणि पोटात खड्डा पडतो. तुमच्याकडेही कॅमेरा आहेच की, रोबोची अर्धी वाक्यं त्याच्यावर सोपवा.

आणखी एक, सायमन्स आणि चॅब्री या मानसशास्त्रज्ञांचा 1999चा प्रयोग. लोकांना व्हिडिओ दाखवून बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले आणि मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं, तर जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. हे गेममध्ये मस्त जमेल, प्लेयरला काहीतरी मोजायला लावा, तेवढ्यात खोली बदला, आणि नंतर त्याचाच रिप्ले दाखवा. फक्त 'कसं फसवलं' छापाचा मेसेज टाकू नका, तो चिडतो आणि विचार तिथेच थांबतो.

टेस्टिंगला 'आवडला का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'कुठे थांबलास आणि तेव्हा डोक्यात काय चाललं होतं' हे विचारा. आणि हो, वेबकॅम वापरलात तर परवानगी आधी घ्या, आणि माऊसने खेळायचा ऑप्शन ठेवाच, सगळ्यांकडे कॅमेरा नसतो.