ग्रँड व्हिटारा घ्यायची आहे, माइल्ड हायब्रिड घेऊ की स्ट्राँग?

रोज शहरातल्या गर्दीतून जाणार असाल तर स्ट्राँगच घ्या. तिच्यात 1.5 लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि जोडीला विजेची मोटर, मिळून साधारण 116 पीएस ताकद. सिग्नलला थांबत-सरकत जाताना गाडी बराच वेळ नुसत्या बॅटरीवर चालते आणि ब्रेक दाबला की तीच बॅटरी पुन्हा थोडी भरते. म्हणून खरी बचत शहरात होते, हायवेला तेवढी नाही. बाहेरून चार्जिंग लागत नाही. माइल्डमधली छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही.

मात्र स्ट्राँगमध्ये बॅटरीमुळे डिकी लहान होते. चौघांचं सामान घेऊन गावी जात असाल तर शोरूममध्ये बॅगा ठेवूनच बघा. ग्रँड व्हिटारात डिझेल मिळत नाही; डिझेलच हवं असेल तर क्रेटा किंवा सेल्टॉस बघा.