आधी प्लग काढा! पहिल्यावहिल्या आर्केड मशीन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. जवळच एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथल्या गॅरेजमध्ये निळ्या चमकीचं, वळणदार फायबरग्लासचं 'कॉम्प्युटर स्पेस' मशीन मिळालं. स्क्रीन बंद आहे, एका बाजूला मोठा तडा गेलाय, आत उंदरांनी घर केलेलं. बाहेरून गाडीचा पेंट मारून आत एलसीडी आणि छोटा कॉम्प्युटर बसवावा म्हणतोय, म्हणजे पोरांना खेळता येईल. मित्र म्हणतो असलं काही करू नकोस. कोणाचं बरोबर?

उत्तर: मित्राचं. आणि मशीन अजून प्लगला लावलं नसेल तर कृपा करून लावू नका, लावलं असेल तर आत्ता उठून काढा आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या हाताला काय लागलंय ते आधी सांगतो. नाणं टाकून खेळायचा हा बाजारात आलेला पहिला व्हिडिओ गेम, १९७१ चा. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी तो बनवला, माउंटन व्ह्यूच्या नटिंग असोसिएट्सने विकला, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभराच्याही आतला जन्म आहे त्याचा. सगळी मिळून साधारण १,३०० ते १,५०० मशीन्स बनली असं मानतात, त्यातली किती भंगारात गेली असतील विचार करा.

आता खरी गोष्ट. यात मायक्रोप्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप, नाही. प्रोग्रॅमच नाही, कारण प्रोग्रॅम चालवायला काही नाहीच! सगळा गेम साध्या ७४०० सिरीजच्या लॉजिक चिप्सच्या जोडणीत आहे, रॉकेट कसं वळणार, उडत्या तबकड्या कुठे जाणार, चांदण्या कुठे दिसणार, सगळं वायरिंगमध्ये. तीन बोर्ड आहेत, त्यातला मेमरी बोर्ड हळूच बाहेर काढा आणि खिडकीपाशी उजेडात धरा. त्यावर बारीक बारीक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) सोल्डर केलेले दिसतील, आणि ते सरळ रांगेत नाहीत, रॉकेटच्या आकारात आहेत. एक सरळ उभं, एक थोडं कललेलं, एक आणखी कललेलं. स्क्रीनवर रॉकेट वळताना दिसतं त्याची चित्रं अशी हाताने मांडलेली आहेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ बोर्ड खाली ठेवलाच नाही. हे काढून तुम्ही छोटा कॉम्प्युटर बसवलात तर गेम चालेलही, पण मशीन गेलं.

क्रमाने सांगतो. मास्क आणि हातमोजे घाला, उंदरांची घाण कोरडी झाडू नका, जंतुनाशकाचं पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा, त्या धुळीतून आजार होतात. हे सगळं मशीनचा प्लग काढलेला असतानाच. आतला डिस्प्ले म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा साधा १५ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच आहे. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. ट्यूबच्या पाठीवर जी जाड वायर रबरी टोपीखाली जाते तिथे तो असतो. वायरचं एक टोक ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या पट्टीला, दुसरं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरला लावून त्याचं टोक टोपीखाली सरकवायचं, 'टक्' आवाज येईल किंवा येणारही नाही, पाच मिनिटांनी परत तेच करायचं कारण चार्ज थोडा परत येतो. माझे मामा सांगलीत टीव्ही रिपेअर करायचे, ते म्हणायचे उघड्या टीव्हीपुढे डावा हात खिशात, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही. मी आजही तसंच करतो. पण तुम्ही हे कधीच केलेलं नसेल तर एवढं काम जाणकाराला बोलावून करून घ्या, यात कमीपणा नाही. आणि टीव्ही चालू करून तपासायचा झाला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (टीव्हीला घरच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा) नको, त्या काळच्या बऱ्याच टीव्हींची चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, थेट घरच्या लाइनला जोडलेली असायची.

मग पॉवर सप्लाय. बोर्ड काढून ठेवा, सप्लाय एकटा तपासा, मोठे कंडेन्सर पन्नास वर्षांत वाळलेले असणारच, ते बदला, साध्या डमी लोडवर (तपासण्यापुरता बोर्डाच्या जागी लावलेला रेझिस्टर) ५ व्होल्ट स्थिर मिळाले की मगच बोर्ड लावा. बोर्डाच्या कडेचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निम्मे बिघाड तिथेच असतात. एखादी चिप मेलेली निघाली तर ती ओढून काढू नका, या जुन्या बोर्डांचे कॉपर ट्रॅक लगेच उखडतात. चिपचे पाय आधी कापा, मग एकेक पाय गरम करून काढा. काढलेली चिप, जुना कंडेन्सर, स्क्रू, सगळं पिशवीत घालून चिठ्ठी लावून मशीनमध्येच ठेवा.

राहिला रंग. निळी चमक वरून मारलेली नाही, ती फायबरग्लासच्या वरच्या थरातच आहे. सँडपेपर त्या चमकीपर्यंत गेला की तिचा रंग उडतो आणि तिथे राखाडी डाग पडतो, कुठल्याही पेंटवाल्याला तो हुबेहूब भरता येत नाही. तडा आतल्या बाजूने फायबर मॅट आणि रेझिन लावून पक्का करा, बाहेरून नुसतं धुवून वॅक्स. तड्याची रेघ दिसेल, दिसू दे!

प्रश्न: एकजण मला १९७२ चं ओरिजिनल 'पाँग' विकतोय, पण समोरच्या पट्टीवर नाव 'विनर' आहे. म्हणतो तेच आहे. घेऊ का?

उत्तर: तेच नाही. 'विनर' हे मिडवे कंपनीने १९७३ मध्ये 'पाँग' बनवणाऱ्या अटारी कंपनीकडून लायसन्स घेऊन काढलेलं. 'पाँग' म्हणजे स्क्रीनवरचं टेबल टेनिस, ते चालल्यावर सगळ्यांनी तोच खेळ काढला, विल्यम्स कंपनीचं 'पॅडल बॉल' पण त्यातलंच. अटारीच्या पाँगवर पाँगच लिहिलेलं असतं. बोर्डावरच्या चिप्स बघा, त्यावर चार आकडी तारीख असते, ७२४० म्हणजे १९७२ चा ४० वा आठवडा. फक्त एक घोळ होतो, ७४०८ वगैरे चिपचे नंबरही तसेच दिसतात, लोक त्यालाच १९७४ समजून बसतात. दहा-बारा चिप्स बघा, त्यातली सगळ्यात उशिराची तारीख धरा, मशीन त्याच्या आधीचं असू शकत नाही (नंतर कोणी चिप बदलली नसेल तर).

सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये अटारीचा इंजिनिअर अ‍ॅल अल्कॉर्नने बनवलेलं जे पहिलं पाँग ठेवलं होतं, आणि नाणी ओसंडून जे बंद पडलं होतं, ते माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे आहे, त्यामुळे 'ते पहिलं माझ्याकडे आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. बाकी 'विनर' योग्य किमतीत मिळत असेल तर जरूर घ्या, त्याच्याही आत तसंच प्रोग्रॅमशिवायचं लॉजिक आहे आणि त्याला वाचवणारे कमी आहेत. फक्त पाँगचे पैसे देऊ नका.

प्रश्न: मुलगा अमेरिकेहून जुनं आर्केड मशीन पुण्याला पाठवतोय. इथे चालेल का?

उत्तर: थेट नाही! तिकडचं ते ११०-१२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०, लावलंत की जळेल. दणकट स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मशीनवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट तरी. त्याने व्होल्टेज उतरेल पण आपले ५० हर्ट्झ तिकडचे ६० होणार नाहीत, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, अर्ध्या तासाने वास घेत चला आणि सलग दिवसभर चालू ठेवू नका. चित्र हलकंसं डुलताना दिसेल, ते बहुतेक वेळा हर्ट्झच्या या फरकामुळेच असतं. आणि मुलाला सांगा, पाठवण्याआधी पिक्चर ट्यूब काढून वेगळी पॅक कर, ट्यूबची मागची मान काडीसारखी मोडते, आणि ती काढण्याआधी डिस्चार्जचं वर पहिल्या उत्तरात लिहिलंय ते त्याला नीट वाचून दाखवा.