शेजारच्यांचं बटण दाबलं की आमच्या घरातली वायरलेस बेल वाजते. बेल खराब आहे का?

बेल ठणठणीत आहे, दोन्ही घरांचा कोड, म्हणजे बटण सिग्नलमधून पाठवतं तो ओळख क्रमांक, एकच झालाय. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड उजेडावर चालतो, तो भिंतीपलीकडे जात नाही. बेल, गेट, काही पंखे यांचे रिमोट रेडिओ लहरींवर, बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. या लहरी चाळीची भिंत सहज ओलांडतात. फ्रीक्वेन्सी सगळ्यांची तीच, त्यामुळे कोणाचा सिग्नल ऐकायचा हे ठरतं फक्त कोडवरून. स्वस्त बेलमध्ये कोडच मोजके असतात.

आमच्या लालबागच्या मजल्यावर हेच झालं होतं. समोरच्यांकडे सकाळी दूधवाला आला की दार आमची आई उघडायची!

आधी आतल्या युनिटवर छोटं बटण आहे का बघा. ते दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवायचं आणि लगेच बाहेरचं बटण दाबायचं, म्हणजे नवी जोडी जुळते. काही मॉडेलमध्ये त्याआधी बाहेरच्या बटणाचा कोड बदलावा लागतो. पत्रकात दिलेलं असतं. जुन्या बेलमध्ये झाकणाखाली जंपर (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) किंवा बारीक स्विच असतात, ते तुमच्या बटणात आणि बेलमध्ये सारखेच बदला. यातलं काहीच नसेल तर डोकेफोड करू नका, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ‘लर्निंग कोड’वाली, म्हणजे आपल्या बटणाचा कोड शिकून लक्षात ठेवणारी बेल घ्या. त्यातल्या नेहमीच्या चिपमध्ये दहा लाखांहून जास्त कोड असतात.

गेटला किंवा शटरला मात्र ही कायम एकच कोड पाठवणारी जात लावू नका, तो कोड कोणालाही टिपून परत पाठवता येतो. तिथे रोलिंग कोडच, म्हणजे दर वेळी बदलणारा कोडच हवा.