डेंग्यूची तपासणी: आधी ताप कितव्या दिवसाचा ते बघ

लॅबमधल्या पहिल्याच आठवड्यात डेंग्यूची एलायझा (प्लेटमधल्या रंगावरून निदान करायची रक्ततपासणी) करायला मिळतेय, छान! पण प्लेटच्या आधी पेशंटचा फॉर्म बघ. ताप कधी सुरू झाला हे लिहिलेलं नसेल तर पेशंटलाच विचार. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ अँटिजेन (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) शोधायचं, साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी अँटिबॉडी, ती यायला वेळ लागतो). दुसऱ्या दिवशी नुसतं आयजीएम केलं आणि निगेटिव्ह आलं, तर डेंग्यू नाही असं ठरत नाही. नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात, आणि त्याचा त्रास पेशंटला होतो.

बाकी सुरुवातीला एवढं सांभाळ:

- सिरिंजची सुई काढून रक्त ट्यूबच्या कडेने हळू सोड. जोरात ढकललंस की पेशी फुटतात, सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लालसर येतं.
- फ्रिजमधून काढलेलं किट लगेच वापरू नकोस, रूम टेंपरेचरला येऊ दे.
- वॉशची, म्हणजे प्लेट धुण्याची, घाई नको. शेवटी प्लेट उलटी करून टिश्यू पेपरवर नीट आपट. वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) थेंब राहिला तरी रंग फसवतो.
- कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर पूर्ण प्लेट पुन्हा लाव.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं आयजीएम किट येतं. त्यातलं माहितीपत्रक आज रात्री वाचून काढ. आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधायची तपासणी) सध्या राहू दे, हात बसला की शिकवते.