हल्लीची ख्रिस्ती मुलं आजी-आजोबांइतकी श्रद्धाळू राहिली नाहीत का?

श्रद्धा आटली म्हणणं घाईचं होईल. ती दाखवायची जागा बदललीय. मला माहीत आहेत ती मराठी ख्रिस्ती घरं, तेवढ्यांबद्दलच लिहितो.

नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले आजोबा पेटी-टाळांवर वाढले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला, ती रीत तिथे मुरली. साक्ष, म्हणजे स्वतःला आलेला देवाचा अनुभव, सांगायची ती उपासनेत उभं राहून, सगळ्यांदेखत. वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. पाहुणा आला तर तोही बसायचा.

नातवंडं गिटारवर 'वर्शिप' करतात. बायबल मोबाइलमध्ये. एखादं वचन स्टेटसला ठेवतात, चोवीस तासांत ते जातं. पण ते पाहून कुणी "माझ्यासाठी प्रार्थना करशील?" असं विचारलं, की रात्री उशिरापर्यंत चॅट चालतं. घरच्यांना वाटतं, पोरगं नुसतं फोनमध्ये डोकं घालून बसलंय!

उघड प्रचाराला मात्र ही मुलं बिचकतात. मित्र सगळ्या धर्मांचे, त्यात धर्मांतराच्या आरोपाची धास्ती. पण इंटरनेटवरून श्रद्धा सांगणारा आदर्श त्यांच्यापुढे आहे: धार्मिक वेबसाइट बनवणारा इटालियन मुलगा कार्लो अकुटिस 2006 मध्ये, वयाच्या 15व्या वर्षी वारला आणि 2025 मध्ये संत घोषित झाला. जीन्स घालणारा संत कॅथलिक मुलांना आपल्यातला वाटला तर नवल नाही.

मला खंत आहे ती भाषेची. नवी गाणी बहुतेक हिंदी-इंग्रजी, आणि टिळकांची भजनं पाठ असलेली तरुण मुलं आता शोधावी लागतात.