धूमकेतूचा ‘धूर’ आणि अवरक्त वर्णपट

‘अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने धूमकेतूच्या धुरातील रसायने ओळखली’ असे वाक्य बातमीत आढळले. त्यात ‘अवरक्त’ बरोबर की काही जण लिहितात ते ‘अतिरक्त’, असा एका वाचकाचा प्रश्न आहे.

‘अवरक्त’च बरोबर. वर्णपट म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेला प्रकाश आणि अवरक्त म्हणजे त्यातले लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण. या किरणांची तरंगलांबी लाल प्रकाशापेक्षा जास्त म्हणून ‘अति’ हवे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु त्यांची वारंवारता लाल प्रकाशाच्या खाली असते आणि ‘अव’ हा उपसर्ग तेच सांगतो. शिवाय वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला ‘अतिनील’ आधीच बसलेला आहे.

माझे भांडण आहे ते त्या वाक्यातल्या धुराशी. धूमकेतूवर काहीही जळत नाही. सूर्याच्या उष्णतेने त्याच्या गाभ्यातील बर्फाचे संप्लवन होते, म्हणजे तो न वितळता थेट वायू बनतो, आणि वायूबरोबर धूळ बाहेर पडते. तरीही ‘धुराचे शेपूट असलेला तो धूमकेतू’ असा विग्रह सर्रास केला जातो. राहूचे डोके आणि केतूचे धड या कथेमुळे केतू म्हणजे मागचा भाग असे आपल्या मनात बसले असावे. पण मदनाला मकरकेतू म्हणतात तेव्हा त्याला कोणी मकराचे शेपूट चिकटवत नाही. मकर हे त्याच्या ध्वजावरील चिन्ह असते. ऋग्वेदात ‘धूमकेतु’ हे अग्नीचे विशेषण आहे: धूर हीच ज्याची दुरून दिसणारी खूण, तो.

या ‘केतु’चे मूळ ‘चित्’, म्हणजे जाणणे, दिसून येणे, या धातूत आहे. ‘संकेत’ त्याच कुळातला आणि ‘चिकित्सा’ही त्याच धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेली! उणादिसूत्रांच्या, म्हणजे धातूंपासून शब्द साधून दाखवणाऱ्या संस्कृत व्याकरणसूत्रांच्या, परंपरेत ‘केतु’ हा ‘चाय्’ धातूवरून साधतात; तो मार्ग मला मुळीच पटत नाही, कारण त्यात ही सख्खी भावंडे विनाकारण दुरावतात.

अवरक्त वर्णपटात शोधायचे असतात ते नेमके असे केतूच, म्हणजे रेणूंच्या ओळखीच्या खुणा. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी १८६८ साली दृश्य प्रकाशात धूमकेतूमधील कार्बनचे पट्टे ओळखले होते, परंतु दृश्य वर्णपटात ठळक दिसतात ते सूर्यप्रकाशाने मोडलेल्या रेणूंचे तुकडे. गाभ्यातून निघालेल्या मूळ रेणूंची कंपने अवरक्तात उमटतात. पाण्याची खूण २.७ मायक्रोमीटरच्या आसपास, मिथेनची ३.३च्या आणि कार्बन डायऑक्साइडची ४.३च्या आसपास सापडते. अडचण अशी, की हेच वायू आपल्या वातावरणातही आहेत. म्हणून हॅलेच्या धूमकेतूमधील पाण्याची वाफ डिसेंबर १९८५मध्ये उंचावरून उडणाऱ्या कायपर वेधशाळेच्या विमानातून टिपावी लागली. मिथेनच्या बाबतीत धूमकेतूचा वेगच मदतीला येतो: डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्रोताच्या गतीने तरंगलांबी बदलत असल्यामुळे, त्याच्या मिथेनच्या रेषा पृथ्वीवरील मिथेनच्या रेषांपासून किंचित सरकतात आणि त्या फटीतून दिसतात.

मार्च १९९६मध्ये ह्याकुताके हा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा हवाई बेटावरील मौना केआ येथील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने त्यात मिथेन आणि इथेन दोन्ही शोधले. इथेनचा रेणू सममित असल्यामुळे रेडिओ दुर्बिणीला तो दिसत नाही. त्याचे प्रमाण मिथेनच्या तोडीचे निघाले, यावरून तो थंडगार धूलिकणांवर ॲसिटिलीनला हायड्रोजन जोडला जाऊन तयार झाला असावा, असा कयास बांधला गेला. नायट्रोजनचा दोन अणूंचा रेणू मात्र अवरक्तातही स्वतःची खूण दाखवत नाही. ६७पी या धूमकेतूजवळ गेलेल्या रोझेटा यानाने तो वस्तुमान वर्णपटमापीने, म्हणजे रेणूंना वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाने, मोजला.